राहून गेलेलं पिठलं

६ जाने.
बीपी पुन्हा जास्त. सुनेने, श्रद्धाने, मशीन दोनदा लावलं आणि माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच मुद्दाम वाढवलंय. हार्टमध्ये स्टेंट घालून घरी आले त्याला महिना होऊन गेला. गोळ्या वेळेवर, जेवण अळणी, हॉलमधल्या हॉलमध्ये फेऱ्या. निलेश कामावर. श्रद्धा आतल्या खोलीत लॅपटॉपवर. माझा फोन नि.ने काढून घेतलाय. ‘आई, तू आराम कर, फोन मी बघतो.’ घाटकोपरच्या चाळीत नुसता ताप आला तरी सगळी गॅलरी दारात जमायची. तेव्हा वैताग यायचा. इथे मुलुंडला बेलसुद्धा वाजत नाही.
कमल एकदाही आली नाही. इतकी वर्षं भिंतीला भिंत होती आमची. बाकीच्यांचं सोडा, पण कमल?

९ जाने.
डॉक्टरीणबाईंकडे. ईसीजी ठीक. झोप लागते का विचारलं, नाही म्हटलं. भूक? नाही. मग म्हणाल्या, ‘घरी कोण येतं-जातं?’
‘कोणी नाही. हार्टला ताण नको म्हणून.’ हे श्रद्धाने उत्तर दिलं, मी नाही.
बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘अहो, एकटं पडणं हाही ताणच. मन खचलं की झोप जाते, बीपी चढतं, गोळ्या घ्यायचाही कंटाळा येतो. यांना माणसांत राहू द्या.’
परतताना रिक्षात नि. फोनवर. श्रद्धा सारखी बाहेर बघत होती. तिला काय झालं कळेना.

१२ जाने.
आज खाली बागेत उतरले. बाकावर चाळीतल्या परब वहिनी, लेकीकडे आल्यायत. मला बघून उठल्या नाहीत, हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो. कमलचे भाऊ गेले, आणि तुम्ही साध्या भेटायलाही आला नाहीत?’
भाऊ गेले. कमलचा नवरा, चाळीत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. मी ज्या आठवड्यात आयसीयूत होते त्याच आठवड्यात.
माझं आजारपण वहिनींना माहीतच नव्हतं. कोणालाच नव्हतं. नि.ने कळवलंच नाही कुठे, कळवलं तर लोक बघायला येतील म्हणून. वहिनींनी माझा हात धरला. मग हळूच म्हणाल्या, ‘पिठलं-भात शेवटी मीच नेला.’ ते मला जास्त लागलं. चाळीत कोणाकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नसे, आणि पिठलं-भाताचं पातेलं माझ्याच घरातून जायचं. ठरूनच गेलं होतं ते.

संध्या. – श्रद्धाला विचारलं. माझा लागेना म्हणून कमलने हिच्या फोनवर स्वतः फोन केला होता, दोन वेळा. ‘आई झोपल्यात’ म्हणाली ही. ‘सांगते’ म्हणाली आणि सांगितलं नाही. मी खूप बोलले, नको ते बोलले. ती रडायला लागली. ‘माझ्या बाबांना काकांची बातमी अशीच फोनवर सांगितली आणि ते बसल्या जागी गेले. मला तुमचं तसं नव्हतं होऊ द्यायचं.’
पाणी दिलं तिला. राग मात्र आहे अजून.

१३ जाने.
भाऊ आठवतायत. चाळीत कोणा गेलेल्याच्या घरून परतताना दरवेळी तेच म्हणायचे. ‘सुमनताई, तुमचं पिठलं खायचं तर कोणाला तरी मरावं लागतं.’ कमल त्यांना दटावायची आणि स्वतःच हसायची. आणि ते स्वतः गेले तेव्हा वहिनींचं पिठलं. वहिनी लसूण घालत नाहीत.
बीपी कालच्यापेक्षा कमी. पोटभर रडल्यावर कमी होतं का, विचारायला हवं बाईंना.

१४ जाने.
संक्रांत. ओट्यापाशी खुर्ची घेऊन पिठलं केलं. श्रद्धा म्हणे, ‘आई, सणाच्या दिवशी पिठलं-भात? आणि इतक्या उशिरा? अशुभ मानतील.’ म्हटलं, कमलकडे या वर्षी सण नाहीच, आणि जे अशुभ व्हायचं ते होऊन गेलंय. तिने वाद घातला नाही. लसूण सोलून दिला.
रिक्षाने घाटकोपर, श्रद्धा सोबत. चाळीच्या जागी झालेल्या बिल्डिंगमध्येच राहते कमल. दार तिनेच उघडलं. केवढी वाळलीय.
‘आता इलंस?’
मी पिठल्याचा डबा पुढे केला. श्रद्धाच म्हणाली, ‘मावशी, चूक माझी आहे. आई आयसीयूत होत्या. मी यांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही नाही.’
कमलने डबा घेतला. बसा म्हणाली नाही, मीच बसले. भिंतीवर भाऊंचा फोटो, हार घातलेला. डबा आत घेऊन गेली, उघडल्याचा आवाज आला. मी वाट बघत बसले. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. चहाही विचारला नाही. डबा मागायचं धाडस मला झालं नाही.
निघताना मात्र लिफ्टपर्यंत आली. बटण तिने दाबलं. ‘सांभाळून जा’ म्हणाली, ते श्रद्धाला.
छातीत काही दुखलं नाही. इतर सगळीकडे दुखलं.

१७ जाने.
फोन आता माझ्याकडे. दुपारी वाजला. कमल.
‘मीठ घालूक इसारलंस काय गो?’
‘डॉक्टरांनी बंद केलंय. हाताला तशीच सवय लागलीय.’
कमलने नाक ओढलं. मग, ‘माका कोणी सांगूक नाय, सुमे.’ आणि ठेवला.
पुन्हा लावावासा वाटला, लावला नाही. डबा घेऊन येते म्हणाली नाही. पण डबा तिच्याकडे आहे, आणि रिकामा डबा परत करणारी बाई नव्हे ती.
श्रद्धाला सांगून ठेवलंय. बेल वाजली तर ‘आई झोपल्यात’ म्हणायचं नाही. झोपले असले तरी.