फॉर्मवरचं तिसरं नाव

३ नोव्हेंबर. मोरबी, गुजरात. सकाळी ६

अन नाव नाही टाकलं तं नाहीच टाकलं! दिवाळीत घरी होतो तवाच सुरभीले तीनदा सांगतलं होतं, फॉर्मवर तिसरं नाव माह्यं टाक. नयन, संस्थापक. चौथ्यांदा फोनवर सांगतलं. काल तिनं फॉर्मचा फोटो पाठवला. पाह्यतो तं दोनच नावं. एक तिचं, एक तिच्या मैत्रिणीचं, कहकशां. काहून म्हटलं तं म्हणते, दादा, फॉर्म कॉलेजातल्या पोरापोरीसाठीच आहे, तू नववीत शाळा सोडली.

हे बोलायची गरज होती काय? मी शाळा सोडली नाही. शाळेजवळ मले शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सुरभी लहान बहीण. यवतमाळले हॉस्टेलवर राह्यते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाले. तिच्या कॉलेजात उद्योजकता कक्ष उघडला. पोराइनं नोकरी मागू नये, धंदा काढावा म्हणून. त्याच्याच स्पर्धेचा हा फॉर्म. ज्या कॉलेजचं कॅन्टीन तीन सालापासून कोणी चालवायले तयार नाही, थे कॉलेज धंदा शिकवून राह्यलं. अन ज्यानं आपल्या गावच्या, मुकुटबनच्या बाजारात मोबाइल कव्हर, गावरान पिल्लं अन मोमो असे तीन धंदे स्वतः चालवून पाह्यले, त्याले फॉर्मवर जागा नाही.

(तिन्ही बंद पडले. त्याले अनुभव म्हणते.)

५ नोव्हेंबर. जेवणाच्या सुट्टीत

ठरलं. रोज पाचले उठणे. तंबाखूचा खर्रा बंद. जानेवारीत टाइल्स कंपनीचा राजीनामा. ठेकेदाराले तोंडी नाही, लेखी देईन, अन इंग्रजीत. खेमसिंग माह्या रूमवर राह्यते, बारावी पास आहे, त्याच्याकडून लिहून घेतो.

६ नोव्हेंबर

साडेसातले उठलो. खर्रा बंदच आहे. इथं मावा भेटते, तो वेगळा आयटम.

९ नोव्हेंबर

सुरभीचा फोन. स्पर्धेची फायनल १२ डिसेंबरले. जिंकणाऱ्याले कॉलेजातच एक रूम अन दोन शिलाई मशिनी, सालभर फुकट. रूम भेटली तं हॉस्टेलचा खर्च तिचा ती काढीन. नाही भेटली तं तिसरं वर्ष नाही, घरी बस, हे बाबानं दिवाळीतच सांगतलं. पोरगी घाबरून आहे. म्हटलं, घाबरू नको, मी आहे. ती एकदम झोळीवरच बोलायले लागली. आनंदानं असन.

तिचा प्रोजेक्ट म्हणजे झोळी. आपल्याकडं बाया जुन्या लुगड्याची झोळी कंबरेले बांधून कापूस वेचते. झोळी भरली का सारं वजन कंबरेवर. तं या दोघीनं मांजरपाटाची झोळी काढली, दोन्ही खांद्याले पट्टे, खालून नाडी. नाडी सोडली का कापूस खाली. बाईले वाकायचं काम नाही. कहकशांचे अब्बा मोहिउद्दीन चाचा टेलर आहे, त्याइच्या मशिनीवर ती शिवते.

शिवायच्या आधी दोघीनं चौतीस बायाइले विचारलं, तुमचं काय दुखते. चौतीस! मी असतो तं एकालेही विचारलं नसतं. धंदा काय विचारून होते?

माह्या सूचना दिल्या. कापड जुनं झालं, प्लास्टिक घ्या. पाच खिसे पाहिजे. मोबाइल, पाणी, खर्रा, कंगवा, अन एक असाच. वर लोगो.

सुरभी म्हणते, दादा, बायाइले खिसे नाही पाहिजे, कंबर पाहिजे.

अनुभव नसला का माणूस असं बोलते.

११ नोव्हेंबर

सुरभी सांगत होती, कक्षाचं उद्घाटन आत्ता कुठं झालं. प्रमुख घनश्याम सर. त्याइच्याकडं परीक्षा विभागही आहे, वृक्षारोपणही आहे, अन सायकल स्टँडही. सर म्हणाले, विद्यार्थ्यांनो, मोठं स्वप्न पाहा. कक्षाच्या रूमचं कुलूप उघडेना म्हणून कार्यक्रम सायकल स्टँडवरच झाला. रिबीन होती, कैची नव्हती. प्राचार्यानं दातानं सुरुवात केली, मंग कोणीतरी ब्लेड आणलं.

अशा लोकाइले माह्या मार्गदर्शनाची किती गरज आहे!

१५ नोव्हेंबर

आयडिया! आमच्या कंपनीत पावडर येते निळ्या बोऱ्यात. विणलेलं प्लास्टिक. रिकाम्या बोऱ्या गेटजवळ पडून राह्यते. गेटजवळच टेलर बसते. बारा झोळ्या शिवायले टाकल्या. पाच खिशाच्या. पाणी लागत नाही, फाटत नाही, दुरून चमकते. दवात कापूस वेचला तरी झोळी कोरडी.

सुरभीले सांगतलं नाही. सरप्राइज.

१८ नोव्हेंबर. ड्यूटीवर जायच्या आधी

मायचा फोन. राहावलं नाही, तिले सांगून टाकलं. माय म्हणे, कशाच्या शिवल्या? म्हटलं बोरीच्या, वॉटरप्रूफ. माय म्हणे, अरे नयन, बोरीचं सूत कापसात गेलं तं जिनिंगवाले... म्हटलं माय, आवाज येऊन नाही राह्यला.

आवाज साफ येत होता. पण नवीन विचाराच्या वेळेस जुन्या लोकाचं ऐकलं का विचार तुटते.

१९ नोव्हेंबर

योग पाहा. आमच्या टाइल्सचा ट्रक यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत चालला. ड्रायव्हर फुलचंदले गाठलं. म्हटलं हे बंडल यवतमाळ स्टँडवर मुकुटबनच्या बसमध्ये टाकून दे, कंडक्टरले माह्यं नाव सांग. फुलचंद म्हणे, कंडक्टर तुले ओळखते? म्हटलं, डिसेंबरनंतर ओळखन.

पुंडलिकरावाले फोन लावला. त्याइची कापसाची पऱ्हाटी गावात सगळ्यात मोठी. म्हटलं, काका, कॉलेजच्या उद्योजकता कक्षाकडून बोलतो, शेतात ट्रायल घ्यायचा आहे. काका म्हणे, अबे, तू थो मोबाइल कव्हरवाला नयन नोहे काय? म्हटलं हो, पण सध्या कक्षाकडून. काका म्हणे, झोळ्याचे पैसे किती? म्हटलं फुकट. काका म्हणे, मंग कोणाकडूनही बोल.

धंद्यात बोलणं असं पाहिजे. तेवढंच पाहिजे.

२३ नोव्हेंबर

ट्रायल यशस्वी! चार बाया, एकशे बावन्न किलो, एका दिवसात. मायच्या फोनवरून हंसाबाईशी बोललो. पंचवीस सालापासून वेचणीवर जाते, तिच्या शब्दाले किंमत आहे. हंसाबाई म्हणे, झोळी चांगली हाय बाप्पा, फक्त घाम लय येते, चालताना चरचर करते, कापूस सारा खिशात जाते, अन काठाचे सुतं निघते.

नोंद : हंसाबाई म्हणे, झोळी चांगली आहे.

२५ नोव्हेंबर

ब्लेझर घेतला. ऑनलाइन, १४९९. फायनलले पालकाइले बोलावलं आहे. पालक म्हणजे मीच. सूत्रसंचालक अचानक म्हणन, आता दोन शब्द. तयारी पाहिजे. भाषण लिहून काढलं. पहिलं वाक्य : मी कोण आहे हे महत्त्वाचं नाही. त्याच्यापुढं तीन पानं मी कोण आहे ते.

खेमसिंग म्हणे, ब्लेझर खांद्यात मोठा आहे. म्हटलं, जबाबदारी वाढली का बसन.

२८ नोव्हेंबर

पुंडलिकरावाचा फोन. जे बोलले थे वहीत लिहिण्यासारखं नाही.

जेवढं लिहिता येते तेवढं : काकाची कापसाची गाडी जिनिंगवर गेली, सरकी काढायले. कापूस तपासणाऱ्या ग्रेडरनं ढिगात हात घातला, निळं सूत निघालं. दुसरीकडं हात घातला, निळं सूत. प्लास्टिकचं सूत रुईत गेलं का पुढं कपड्यापर्यंत जाते, त्याच्यावर रंग चढत नाही, अन गठाण बाद. गाडी वापस. एकशे बावन्न किलो बाकीच्या कापसात मिसळला होता, म्हणजे सारीच गाडी. काकानं चारही बायाची मजुरी रोखली. म्हणे, तुमीच बांधल्या थ्या झोळ्या. अन कॉलेजात फोन केला.

मी कापसाच्या गावचा. हे मले माहीत होतं. लहानपणी बोरीवर कापूस टाकला म्हणून बाबाचा मार खाल्लता.

जिनिंगवाले बी आजकाल लय नखरे करून राह्यले.

२९ नोव्हेंबर

चूक कोणाची? शिवणाऱ्या टेलरची. काठ दुमडला नाही. थोडी फुलचंदची, बंडल आपटलं असन. ट्रायल होते थेच अशासाठी.

सुरभी फोन उचलत नाही. परीक्षा असन.

१ डिसेंबर

परीक्षा नव्हती. ती अन कहकशां एसटीनं मुकुटबनले गेलत्या. तीन दिवसापासून पुंडलिकरावाच्या अंगणात बसून ढिगातून निळं सूत वेचून राह्यल्या. हंसाबाई अन त्या तिघी बी संगं बसल्या. त्याइची मजुरी अडकली तरी. हंसाबाई म्हणे, पोरीनं काय केलं, पोरीले काहून भोगवता?

घनश्याम सरानं नोटीस काढली. प्रोजेक्ट रद्द का करू नये, लेखी खुलासा द्या. कक्षाचं नाव खराब झालं म्हणे. कक्षाले नाव होतं हेच मले आज समजलं.

शेवटी सुरभीनं फोन उचलला. मी सारं समजावून सांगतलं, टेलर, फुलचंद, सारं. ती ऐकत राह्यली. मंग म्हणे, दादा, एक काम करशील? म्हटलं सांग. म्हणे, बारा तारखेपर्यंत काहीच करू नको.

रडत नव्हती. रडली असती तं बरं झालं असतं.

४ डिसेंबर

काहीच केलं नाही.

७ डिसेंबर

काहीच केलं नाही. लय मेहनतीचं काम आहे. फक्त एक लोगो काढला, पाठवला नाही.

खुलासा मंजूर झाला. सुरभीनं लिहिलतं, ट्रायलची जबाबदारी आमची. सर म्हणे ठीक आहे, पण अर्ज तीन प्रतीत द्या. पाच तारखेले त्याच पुंडलिकरावाच्या शेतात कापडाच्या झोळ्याचा ट्रायल झाला. काका नाहीच म्हणत होते. हंसाबाई म्हणे, आमी बांधतो, तुमचं काय जाते.

सूत नाही, चरचर नाही. हंसाबाई रोज घरी गेल्यावर आधी पाठ टेकते, मंग भाकरी टाकते; त्या दिवशी टेकायची गरजच पडली नाही म्हणे. माय सांगत होती. यात खिशाचा विषयच कुठं आला नाही.

११ डिसेंबर

सुट्टी मागितली. ठेकेदार म्हणे, तुझी काय कंपनी आहे काय? म्हटलं, होणार आहे. म्हणे, झाली का घे सुट्टी.

राजीनामा जानेवारीत नाही, मार्चमध्ये. होळीच्या आसपास.

१२ डिसेंबर

दुपारी ब्लेझर घालून कंपनीच्या मागं टाइल्सच्या पेट्यावर बसलो. कहकशांनं व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर उभा केला. पह्यले सांगतलं, भाईजान, माइक बंद रखना. मी ठेवला. फोन थोडा तिरपा होता, अर्धा मंडप अन अर्धा घनश्याम सर दिसत होते.

बाकी प्रोजेक्ट : मोबाइल ॲप चार (चालत एकही नव्हतं), अन एकानं आळशी विद्यार्थ्यासाठी स्वतःच ‘हजर सर’ म्हणणारी हजेरी काढली, ती चालली, पण सराइनं बंद करायले लावली.

मंग सुरभी उभी राह्यली. झोळी दाखवली, नाडी सोडली, कापूस टोपल्यात पडला. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. मंग तिनं काचेची बरणी काढली. आत निळं सूत. म्हणे, हे आम्ही एका गाडीतून हातानं वेचलं, तीन दिवस, सहा जणी. झोळी कशाची नसावी हे आम्हाले याच्यामुळं समजलं.

बरणी हातोहात फिरली. माह्या झोळीचंच सूत थे. निळा रंग कॅमेऱ्यात बरा दिसत होता.

परीक्षक लोहाऱ्याच्या एमआयडीसीतले कारखानदार होते. त्याइनं विचारलं, पोरी, ह्या प्लास्टिकच्या झोळ्या कोणी बनवल्या होत्या?

मी सरळ बसलो. कॉलर नीट केली. तीन पानं खिशात होती.

सुरभीनं फोनकडं पाह्यलं. मले वाटलं आता. कहकशांनं बी पाह्यलं.

सुरभी म्हणे, सर, घाईत झालं. चूक आमचीच होती.

नाव नाही घेतलं.

एक महिना मी नाव टाक, नाव टाक म्हणून तिच्या मागं लागलतो. अन आज तिनं नाव नाही घेतलं तं मी पेटीवर बसून नाक पुसून राह्यलो. ब्लेझरच्या बाहीनं.

रूम तिलेच भेटली. चावी अजून सापडली नाही. घनश्याम सर सोमवारी पाह्यतो म्हणे.

१३ डिसेंबर

अभिनंदनाचा फोन केला. सुरभी बरी बोलली. म्हणे, दादा, जेवला काय? मंग म्हणे, एकच राह्यलं. त्या चौघीची मजुरी काकानं अजून दिली नाही. कापूस कमी भावात गेला म्हणते. बाया मागत नाही, म्हणून तो देत नाही. मी पहिल्या झोळ्या विकल्या का देईन.

पहिल्या झोळ्या विकल्या का! म्हणजे धंदा सुरू व्हायच्या आधी पोरीच्या डोक्यावर माह्या निळ्या झोळ्या.

मी म्हटलं, पाहू.

१४ डिसेंबर. सकाळी १०

ब्लेझर खेमसिंगले विकला. त्याच्या बहिणीचं लग्न आहे. नऊशे. खांद्यात त्याले बी मोठा आहे, पण त्याच्याजवळ भाषण नाही, चालन.

बाकीचे पगारातले. मावा सोडल्याचे म्हणून लिहिणार होतो, पण मावा सोडला नाही.

एकशे बावन्न किलो, वेचणीचा भाव दहा रुपये किलो. सूत वेचायचे तीन दिवस धरले नाही. थे धरले असते तं ब्लेझर अजून दोन लागले असते.

सुरभीले फोन केला. म्हटलं, तुह्या फोनवर टाकतो, चौघीले वाटून दे. ती म्हणे, हंसाबाई विचारीन, कोणी पाठवले. काय सांगू?

म्हटलं, नाव नको टाकू.

पाठवले : १५२० रुपये.