पहिल्या नंबरचा सिनेमा

रविवार, २३ नोव्हेंबर

"पडद्यावर बाई रडायला लागली की मी तिचे डोळे बघत नाही, हात बघते. खोटं रडणारीचे हात मोकळे असतात."

हे वाक्य माझं आहे. गेल्या डिसेंबरात मी ते मोबाइलवर बोलून महांतेश सरांना पाठवलं होतं. आज लातूरच्या सत्कारात सरांनी ते स्टेजवरून म्हटलं. फक्त ‘बघते’चं ‘बघतो’ केलं. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काय निरीक्षण आहे हो." मी म्हटलं, हाव.

शाल, श्रीफळ, ‘मराठवाड्याचा सिनेमा-डोळा’ वगैरे. नांदेडच्या पेपरात सव्वीस वर्षं सिनेमाचं सदर लिहितात म्हणून सत्कार. त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत किती त्यांचं आणि किती माझं, ते मला माहीत आणि त्यांना माहीत.

कार्यक्रम संपल्यावर मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले. हाताच्या अंतरावर. सर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "नमस्कार, नमस्कार." उज्वला वहिनींनी त्यांचा दंड धरला होता. मोठ्या माणसाची बायको धरते तसा. "सर, मी मंजू," म्हटल्यावर चेहरा जरा हलला. "अगं, तू आलीस? यादी विसरू नको यंदाची." एवढंच. मग वहिनी त्यांना घेऊन गेल्या.

चोवीस वर्षांची ओळख. आता ओळखसुद्धा सांगावी लागते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज सोमवार, दुपार मोकळी असूनही थेटरला गेले नाही. जुनी कात्रणं काढून बसले आणि मोबाइलवरचे माझे जुने निरोप एकेक लावून ऐकले. गेल्या वर्षी सरांनी नऊ सिनेमे निवडले होते. नऊपैकी सात परिच्छेद माझे. क्रमसुद्धा माझाच ठेवलाय. तेवढी तसदीही घेतली नाही.

नांदेडला कॉलेजात होते तेव्हा सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. शनिवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून सिनेमा दाखवायचे. मी निलंग्याकडच्या खेड्यातली. सिनेमा म्हणजे नाचगाणं, एवढंच ठाऊक. सिनेमा बघायचा कसा, ते त्यांनी शिकवलं. "आवडला म्हणू नको. का आवडला ते सांग." दर डिसेंबरात वर्षभराच्या सिनेमांची क्रमवारी करून त्यांना पाठवायची, ते उलटटपाली भांडायचे. चार-चार पानं. "तिसरा पहिला का नाही? लाज वाटते का तुला?" असं.

माझं लग्न मोडलं त्या वर्षीसुद्धा यादी पाठवली होती. त्यांनी लग्नाबद्दल एक शब्द विचारला नाही, पाचव्या नंबरावरून दोन पानं भांडले. तेव्हा ते फार बरं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी म्हणाले, "लिहीत बसू नको. बोलून पाठव. आवाज ऐकला की बरं वाटतं." मला खरंच वाटलं. बेचाळीस वर्षांची बाई मी, एकेक निरोप तीन-तीनदा बोलून मग पाठवायची.

तेव्हापासून भांडण बंद. उत्तर एकच, "छान."

सोमवार, १ डिसेंबर

यंदा एकतीस सिनेमे. बहुतेक सगळे सोमवारच्या दुपारच्या खेळाला, कारण मुली तेव्हा क्लासला असतात. बत्तीस मुलींची रेक्टर सिनेमाला जाते हे पालकांना कळलं तर त्यांना वाटेल मुलींचे मार्क तिथंच गळतात.

यादी शेवटाकडून सुरू करते. एकतिसावा, म्हणजे सगळ्यांत खाली: आपल्याकडच्या गावावर काढलेला तो मराठी विनोदी सिनेमा. नाव लिहायची इच्छा नाही. प्रत्येक वाक्यात ‘लई’ घातलं की मराठवाडा झाला, असं समजणारी माणसं. गौरम्माला घेऊन गेले होते. ती आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, माहेर देगलूरकडचं. मध्यंतरात म्हणाली, "बाई, हे लोक आपल्याला हसून ऱ्हायलेत का आपल्यासंगं?" मी म्हटलं, आपल्याला. "मग चला की." निघून आलो. अर्धा बघितलेला सिनेमा यादीत धरत नाही मी, पण हा धरला. खाली कुणीतरी पाहिजेच.

गुरुवार, ४ डिसेंबर

सहावा: गाडी शिकणाऱ्या विधवेचा हिंदी. पहिला तास उत्तम. तिला क्लच समजत नाही, सासऱ्याला ती समजत नाही. पुढे दिग्दर्शकाला भीती वाटली असावी, म्हणून शिकवणारा देखणा निघाला. साध्या माणसाकडून गाडी शिकता येत नाही की काय.

चौथा: तेलुगूतून हिंदी केलेला मारामारीचा. होय, चौथा. नायक चाळीस जणांना लोळवतो आणि घरी येऊन आईपुढे ताट घेऊन बसतो. आई दहीभात कालवते, त्याच्या हाताची जखम तिला दिसते, ती काही न बोलता मीठ कमी घालते. हे ज्याला सुचलं त्याचं बाकी सगळं माफ. सर असते तर भांडले असते.

‘असते तर’ लिहिलं. आहेत की. नांदेडला, शाल पांघरून.

सोमवार, ८ डिसेंबर

दुसरा: कानडी सिनेमा, मे महिन्यात बिदरला बघितलेला. गौरम्माच्या नात्यातलं लग्न होतं, तिनंच नेलं. अडतीवर माल तोलणारा म्हातारा, त्याला ऐकू येईनासं होतं. तो ते मुलीपासून लपवतो, मुलगी आपल्याला कळलंय हे लपवते. दोन तास दोघं मोठ्यानं बोलतात आणि दोघं सांगतात की बाहेर गोंगाट फार आहे. गौरम्मा माझ्या कानात मराठी करून सांगत होती. शेवटी गप्प झाली. मी म्हटलं, काय म्हणतोय तो? म्हणाली, "काई न्हाई बाई, नुसता हाक मारून ऱ्हायलाय."

हा पहिला व्हायचा. पण पहिली जागा मी रिकामी ठेवली आहे. का, ते अजून स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

सरांचा निरोप: "मंजू, यादी झाली का? वीस तारखेच्या आत पाठव." कशासाठी घाई, ते बोलले नाहीत.

सोमवार, १५ डिसेंबर

पहिल्या नंबरचा सिनेमा सापडला. तो कुणी काढलेलाच नाही. मी रचला. सकाळपासून बसून, भाजी निवडावी तसा, एकेक प्रसंग.

किनवटच्या जंगलातलं एक निवासी शाळेचं वसतिगृह. दिवाळीची सुट्टी लागते. पालक येऊन मुलींना घेऊन जातात. एक मुलगी राहते, तिला न्यायला कुणी येत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिच्यासाठी थांबावं लागतं, म्हणून बाई तिच्यावर चिडलेली. पंधरा दिवस दोघीच. रिकाम्या हॉलमध्ये पन्नास ताटांऐवजी दोन ताटं. लांबून गाडीचा आवाज आला की मुलगी दारात जाते. मग हळूहळू जायची बंद होते. शेवटच्या दिवशी तिचा बाप येतो. मुलगी पिठाच्या कोठीमागं लपते. बाई दारात उभी राहून त्याला सांगते, "ती तर कालच गेली."

दिग्दर्शकाचं नाव ठेवलं. तो भोकरचा आणि त्याचा हा पहिलाच सिनेमा, असं केलं. कुठं पाहिला? हैदराबादच्या एका महोत्सवात. मी हैदराबादला शेवटची गेले ते मामांच्या ऑपरेशनला.

रचताना दोनदा डोळे भरून आले. ते मनावर घ्यायचं नाही. हे कशासाठी चाललंय ते विसरायचं नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

पाठवली. वरचे नऊ सिनेमे, नऊ निरोप. पहिल्याचा सगळ्यांत लांब, सात मिनिटांचा. एकदाच बोलले, तरी अडखळले नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

उत्तर आलं. "छान."

रविवार, २८ डिसेंबर

छापलं!

पान पाच, अर्धं पान, वर सरांचा फोटो. एक नंबरला माझा सिनेमा. "यंदा हैदराबादला एका महोत्सवात मला हा चित्रपट पाहायला मिळाला, हे मी माझं भाग्य समजतो." त्यांचं भाग्य. मी इतकी हसले की गौरम्मा पीठ माखल्या हातानं दारात आली. "काय झालं बाई?" काही नाही म्हटलं. तिला सांगायला जीभ रेटली नाही. तेव्हाच समजायला हवं होतं काहीतरी.

मंगळवार, ३० डिसेंबर

पेपरच्या फेसबुक पानावर वाचकांकडून कौतुक चाललंय. परभणीच्या एका प्राध्यापकांनी लिहिलंय, "मीही पाहिला. शेवट अंगावर येतो." आणखी दोघांनी पाहिलाय. एकाला संगीत जरा जास्त वाटलं.

मी संगीत घातलंच नव्हतं.

शुक्रवार, २ जानेवारी

पुण्याच्या एका पत्रकारानं शोधलं. असा सिनेमा नाही, असा दिग्दर्शक नाही, कुठल्या महोत्सवाच्या यादीत नाव नाही. ‘न काढलेल्या सिनेमाचे समीक्षक’ असं शीर्षक देऊन लिहिलंय. दुपारपर्यंत सगळीकडे. मुलींच्या मोबाइलवरसुद्धा. पालमची एक मुलगी दाखवायला घेऊन आली, "मॅडम, हे बघा ना, किती फेकतात लोक." मी म्हटलं, फिजिक्स झालं का तुझं?

सरांनी कुठंही खुलासा केलेला नाही. माझं नाव घेतलेलं नाही. मला वाटलं होतं घेतील. निरोप दाखवतील, म्हणतील, या बाईनं मला फसवलं. मग मी सगळ्या जगाला सांगणार होते की हो, आणि का. उत्तर तयार होतं माझं.

शनिवार, ३ जानेवारी

पेपरनं दिलगिरी छापली. सदर बंद. सव्वीस वर्षांचं सदर तीन ओळींत बंद केलं, दुसऱ्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीशेजारी.

आनंद झाला का? लिहिणार होते, झाला. नाही झाला. उद्या नांदेडला जाते. त्यांनी माझ्या तोंडावर एकदा म्हणावं की मी चोरलं. त्याशिवाय हे पुरं होत नाही.

रविवार, ४ जानेवारी

सकाळची गाडी. अहमदपूर, लोहा, नांदेड. वाटभर वाक्यं जुळवत होते.

दार वहिनींनी उघडलं. सर हॉलमध्ये खुर्चीत. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. दोन पावलांवर.

"कोण?" ते म्हणाले.

मी आणखी पुढे सरकले. त्यांनी मान जरा वाकडी केली, माझ्या डावीकडे बघत. "उज्वला, कोण आलंय?"

वहिनींनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. नळ सोडला, भांडी घासायच्या आवाजात बोलल्या. "दोन वर्सं झाली, मंजू. शुगरनं डोळ्याचे पडदे गेले. आधी उजवा, मग डावा. हैदराबादला दोनदा नेलं. आता नुसता उजेड-अंधार कळतो. कुणाला सांगायचं न्हाई म्हनून शपथ घातलेली. सिनेमावाल्याचे डोळे गेले म्हनल्यावर कोण छापतंय? ते सांगायचे, मी मोबाइलवर टाइप करून द्यायची."

"आणि माझे निरोप?"

"दिवसभर लावून बसायचे. पाठ झाले तुझे निरोप त्याइला." मग म्हणाल्या, "तुझं नाव घाला म्हनलं होतं मी. दोन्ही साली म्हनलं."

बाहेर आले. सरांना आवाजावरून कळलं होतं.

"बस मंजू," म्हणाले. "तुझं मी माझ्या नावावर छापलं. दोन वर्षं. चुकलं ते."

हेच ऐकायला आले होते मी साडेतीन तास बसमध्ये बसून. वाक्यं जुळवलेली होती. ती सोडून विचारलं,

"मग नाव का नाही घातलंत?"

"घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, सर स्वतः का लिहीत नाहीत." मग म्हणाले, "हे कारण आहे. सबब नाही."

वहिनींनी चहा दिला. सरांचा कप त्यांच्या हातात नेऊन ठेवला. एक घोट घेऊन सरांनी विचारलं, "तो पहिला सिनेमा. कुठं पाहिलास म्हणालीस?"

खरं सांगायची एवढी सोपी जागा. मी त्यांच्या न बघणाऱ्या डोळ्यांकडे बघत म्हटलं, "हैदराबादला, सर."

"हं," म्हणाले. "पेपरवाल्यांना नसेल सापडला."

सोमवार, ५ जानेवारी

थेटरला गेले नाही.

आंधळ्या माणसाला फसवलं, असं मी लिहिणार नाही. चोराला फसवलं. तो आंधळा निघाला यात माझा काय दोष? त्यांनी एकदा सांगायचं होतं. मी रोज बोलून पाठवलं असतं. माझ्याच नावानं, त्यांच्या नावानं, कशाही.

हे चार वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं.

बुधवार, ७ जानेवारी

दुपारी वहिनींचा फोन. सर झोपलेत, म्हणून हळू बोलत होत्या.

"एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं तुला. छापायला द्यायच्या आधी त्याइनं मला मोबाइलवर तो सिनेमा हुडकायला लावला होता. दोन दिवस हुडकला. मी म्हनलं, आसा सिनेमाच न्हाई कुठं, काढून टाका. तर हसले. म्हनले, ठाऊक हाय मला. मंजूनं सापळा लावलाय. पर सिनेमा चांगला हाय, पहिलाच ऱ्हाऊ दे."