तुझ्या जागी लावलेला फोटो

आई,

तू गेलीस तेव्हा मी नोकरीत होते. आता माझं स्वतःचं काम आहे. कर्जतच्या आजूबाजूला जी फार्महाउसं आणि रिसॉर्टं उभी राहिलीत, त्यांना मी जेवणाचे मेनू ठरवून देते, त्यांच्या स्वयंपाक्यांना आपल्याकडचे पदार्थ शिकवते. सुरुवातीला कामं यायची, पण मान नसायचा. कुणी म्हणायचं, नुसती यादी पाठवा, बाकी आमचा महाराज बघेल. कुणी सगळं शिकून घ्यायचं आणि मग फोनच उचलायचं नाही. पुण्याची माझी एक मैत्रीण असं फ्रीलान्स काम करणाऱ्यांना नाव कसं कमवायचं ते शिकवते. ती म्हणाली, "मेनू काय, कुणीही देईल गं. लोक माणूस बघून येतात. तूच ब्रँड व्हायला पाहिजेस. तुझी गोष्ट काय, ते सांग." मी म्हणाले, माझी काही गोष्ट नाही. तिनं विचारलं, "आईकडून शिकलीस ना सगळं?" आणि मी हो म्हणून बसले.

पळसदरीच्या धरणाजवळ एका फार्महाउसवर शोभेची चूल बांधलेली आहे. तिच्यापुढे मी काठापदराची साडी नेसून बसले आणि मोबाइलकडे बघून सांगितलं, की माझी आई पहाटे उठून चुलीवर भाकऱ्या थापायची, त्या धुरात मी वाढले, स्वयंपाकघराबाहेरचं जग तिला ठाऊकच नव्हतं. पेजला नाव दिलं 'आईची चूल'. किती जणांनी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं म्हणून. आणि खरंच चांगली कामं यायला लागली. खुर्ची पुढे करणारी, माझं ऐकून घेणारी माणसं भेटायला लागली. मला ते आवडलं, आई. ते खोटं आहे याची टोचणी पहिले काही दिवस होती. मग तीही गेली.

आपल्या घरात चूल नव्हतीच. गॅस होता, आणि गॅसपुढे बाबा असायचे. पोशीरच्या शाळेतून ते तुझ्याआधी घरी यायचे. वह्या तपासता तपासता वाल सोलायचे, आणि एखाद्या वहीवर वालाचं साल चिकटून शाळेत परत जायचं. बिरडं त्यांचं, सुकटाची चटणी त्यांची, तांदळाची उकड काढून भाकरी करायची तीही त्यांनीच. तू चहा उकळत ठेवून विसरायचीस. संध्याकाळी स्कूटी लावून, हेल्मेट काढत तू आत येतेस आणि तिथूनच विचारतेस, "आज काय केलंत हो?" बाबा सांगतात. तू पहिला घास खाऊन म्हणतेस, "मीठ कमी," आणि दोनदा वाढून घेतेस.

खालापूर तालुक्यात तू तलाठी होतीस. सुट्टीत एकदा मला बरोबर नेलं होतंस. टेबलाच्या कडेला मी चित्रं काढत बसलेय आणि समोर एक म्हातारे शेतकरी उभे आहेत. वडील वारल्यावर जमिनीला स्वतःचं एकट्याचं नाव लावून घ्यायला ते आले होते. तू विचारलंस, "काका, बहीण हाय ना तुमाला?"

"हाय. पन ती दिलेली हाय पनवेलला. तिचं काय आता इथं?"

"दिली म्हनून मेली काय? जिवंत मानूस नाय असं मी लिवनार नाय. तिला घेऊन या."

त्यांच्याशी त्यांच्यासारखंच बोलायचीस तू, पण आवाज असा असायचा की पुढे कुणी बोलत नसे. ते गेल्यावर मला म्हणालीस, "चित्रात झाडं रंगव, नुसती सोडू नकोस." मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता, की घरी येईपर्यंत मी तुझी फायलींची पिशवी सोडली नाही.

आता ऐक. गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या रिसॉर्टनं त्यांचं अख्खं भोजनघर माझ्या नावानं करायचं ठरवलं. दर्शनी भिंतीवर त्यांना तुझा फोटो हवा होता. मी दोन दिले. एक स्कूटीवरचा, एक टेबलामागचा, चष्मा लावलेला. तिथली डिझायनर म्हणाली, "मॅडम, यात आई दिसत नाहीये. ऑफिसर दिसतेय. काहीतरी साधं नाही का?" मी तिथून उठायला हवं होतं. मी मोबाइल काढला आणि त्यांच्याच चुलीवर भाकऱ्या करणाऱ्या, डोंगराखालच्या वाडीतून येणाऱ्या बाईंचा फोटो दाखवला. मीच काढला होता, सहज. त्या छान हसल्या होत्या. तो मोठा करून लावला गेला, आणि खाली लिहिलं गेलं, 'जिच्या हातांनी मला घडवलं, ती माझी आई'.

उद्घाटनाला बाबांना नेलं. नेताना मी भिंतीबद्दल काही बोलले नाही. गर्दीत त्यांचं लक्ष जाणार नाही असं मनाला समजावलं होतं. ते त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. एका पाहुण्या बाईंनी त्यांना विचारलं, "या तुमच्या मिसेस का? तुम्हाला पण शिकवलं असेल ना काहीतरी?" मी मागेच होते. बाबा म्हणाले, "हो, थोडंफार." जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस माझ्यासाठी तिथं उभ्या उभ्या खोटं बोलला.

परतताना गाडीत ते बाहेर बघत होते. मग एवढंच म्हणाले, "त्या फोटोतल्या बाईंना विचारलं होतंस का गं?" मी नाही म्हणाले. चारफाट्याजवळ आल्यावर म्हणाले, "हिचा एखादा नव्हता का चांगला?"

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंकडे गेले. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. पीठ मळत म्हणाल्या, "ताई, तुमची आय ती तुमची. मी माज्या पोरांची. फोटू ऱ्हावद्या, बरा हाय. पन खाली माजं नाव लिवा." मालकाशी दोन दिवस वाद घातला तेव्हा कुठे ती ओळ गेली आणि त्यांचं नाव लागलं. तेवढं एक काम मी केलं. तुझा फोटो मात्र कुठेच लागला नाही, आणि पेजचं नाव अजून तेच आहे. बाबांनी तो विषय परत काढला नाही. आज त्यांनी बिरडं केलं होतं. मला वाढताना म्हणाले, "तुझ्या रीतीनं झालं का बघ." ते चेष्टेत म्हणाले की नाही, हे मला विचारता आलं नाही.

हे सगळं मी तुला लिहितेय, कारण तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे मला माहीत आहे. पोचणार असतं तर लिहिलंच नसतं.

काल अलिबागच्या एका नव्या रिसॉर्टच्या मालकीणबाई भेटायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "सगळं आईकडूनच शिकलात ना?" मी फार धीर गोळा करून म्हणाले, "आई नोकरी करायची." त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "नोकरी सांभाळून चुलीचंही एवढं सगळं करायच्या? धन्य त्यांची." मी हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला, आई. ते काम मला मिळालं.