पोटऱ्यांचं कौतुक

प्रिय चिंगे,

तुझी गोड बातमी आईने फोनवर सांगितली. मी आनंदाने ओरडलो आणि फोन ठेवून जिन्यातच बसून राहिलो. दादाचा अजून फोन कसा नाही, म्हणून तू फुगून बसली असशील. रागावू नकोस गं. बोलायला गेलो असतो तर धीर सुटला असता, म्हणून लिहितोय. तुझ्या बाळाबद्दलच लिहायचंय, पण आधी माझं ऐक.

व्यायामशाळेत मी आणि भोपळ्या एकदमच जायला लागलो. तो वजनं कमी उचलायचा, गप्पाच जास्त हाणायचा, तरी वर्षभरात त्याचे दंड शर्टात मावेनात. मी अंडी, दूध, झोप, सगळं मास्तर सांगतील तसं केलं, आणि दंड आपले काटक्याच! मास्तर म्हणायचे, कुणाचं अंग लवकर धरतं, कुणाचं नाही. अंगकाठी आईबापाची, मेहनत आपली. मी मेहनत वाढवली. पोटऱ्या तेवढ्या फुगल्या, त्याही न कमावता. मास्तर नव्या पोरांना त्या दाखवायचे. तू चिडवायचीस, पाय पैलवानाचे आणि वरचा भाग कारकुनाचा. आई मात्र कौतुकाने म्हणायची, अगदी मामावर गेलाय. मामाला आपण पाहिलंच नाही. तरुणपणीच अंथरुणाला खिळला आणि गेला, एवढंच ठाऊक. त्यापुढे आई बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यापासून दुकानातली कपाटं जिन्याने चढवताना माझे गुडघे दगा द्यायला लागले. वाटलं, व्यायाम कमी पडतोय. वजन आणखी वाढवलं. काय अक्कल बघ माझी! पुढे जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकावे लागायला लागले, तेव्हा भोपळ्याने ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि विचारलं, आईच्या माहेरी कुणाला असं होतं का? त्या पोटऱ्यांत ताकद नाही गं, बरीचशी चरबीच आहे. माझे स्नायू झिजताहेत, आणि जड वजनांनी जास्तच झिजले. आता व्यायामशाळा बंद, दुकानात गल्ल्यावर बसतो. फार रडू येतं, चिंगे. कुणी नसलं की येतं.

हा आजार आईकडून मुलात उतरतो. बायकांना स्वतःला सहसा फारसा त्रास होत नाही, पण त्यांच्याकडून पुढे जातो. तुझ्यात तो आहे की नाही, हे रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही. असला आणि मुलगा झाला, तर त्याला होण्याची शक्यता निम्मी. जावईबापूंना घेऊन याच आठवड्यात जा. आईला एवढ्यात सांगू नकोस, ती सगळा दोष स्वतःच्या माथी घेईल. निकाल वाईट आला, तर पुढचं तुम्ही दोघांनी ठरवायचं. तेव्हा तू मला विचारशीलच, दादा, तू जन्मलाच नसतास तर बरं झालं असतं का? मी स्वतःला रोज सकाळी हेच विचारतो, आणि उत्तर रोज बदलतं. आज उत्तर आलं, जन्मलो ते बरंच झालं. म्हणून पत्र आजच टाकतोय.

तुझाच,
दादा