चौदावं पान

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? माझी तर मान गेली. तीन दिवस एकच आदेश टाइप करतोय: नदीकाठची साठ घरं आठवड्यात पाडायची. सभागृहानं केलेला कायदा सांगतो, आधी लोकांचं म्हणणं ऐका. तसं मी फायलीत चौदाव्या पानावर लिहून ठेवलं. साहेब म्हणाले, तुला कुणी विचारलं होतं? आज बघतो तर ते पान गायब, आणि पुढच्या पानांचे आकडे खोडून बदललेले. वीट आलाय गं. तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू?

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा बारक्या

११ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

अरे, काय करून बसलास! त्या घरांचं प्रकरण आज माझ्याच कोर्टात आलं. तुझं पत्र वाचल्यावर मी निकाल द्यायला बसणार कशी? भर कोर्टात सगळं सांगितलं, पत्र जमा केलं आणि बाजूला झाले. आता दुसरे न्यायाधीश ऐकतील. पत्र फाडायला हात गेला होता, खोटं कशाला बोलू? पण मग तुझ्या साहेबात आणि माझ्यात फरक काय उरला असता? तुझी नोकरी मी पणाला लावली. जेवण जात नाही. निकाल लागेपर्यंत लिहू नकोस.

रागाव, पण तुटू नकोस.
तुझी ताई

२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल कळलाच असेल. साक्षीला गेलो तेव्हा माझं पत्र मोठ्यानं वाचलं. ‘तुझा बारक्या’ ऐकून सगळे हसले. ते गायब झालेलं पान मीच लिहिलं होतं, असं मी सांगितलं. आदेश रद्द झाला आणि माझी बदली तळघरातल्या जुन्या फायलींमध्ये. दोन महिने तुझ्यावर धुमसत होतो. काल नदीवरून आलो. घरं जागेवर आहेत, दारांत कपडे वाळत होते. राग गेला, थकवा तेवढा राहिला.

पण संपलं कुठं? लोकांचं ऐकायची अटच काढून टाकायची, असं विधेयक आमच्या खात्यानं सभागृहात नेलंय. सभागृहाच्या समितीनं गुरुवारी मला बोलावलंय. तिथं काय सांगणार, ते तुला लिहीत नाही. उद्या तो कायदा तुझ्यासमोर आला, तर या वेळी तू खुर्चीत असायला हवीस.

गुडघ्याला शेक देत जा. माया आहे तशी राहू दे.
तुझा बारक्या