चिंचेने घासलेल्या नाण्याबाबत

मी, रवींद्र गणेश मोडक, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त इंजिनिअर, राहणार व्हिटबी, ऑन्टारिओ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाचाही दबाव नसताना लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते बुद्धी शाबूत आहे. दमलो आहे, पण दमणूक कायद्याच्या आड येत नाही असे वकील म्हणाले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी ऋचा, राहणार कनाटा, हिला मिळावी. सर्व व्यवस्था तिनेच पाहावी. घर खुशाल विकावे. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करण्यात माझी कंबर गेली, तिची जाऊ नये.

२. भिंग, छोटा वजनकाटा व टेबलाचा दिवा आमच्या नाणेसंग्राहक मंडळाला द्यावा. माझी फारसी अक्षरांची वही ज्या सभासदाने ‘दोन दिवसांसाठी’ नेली, त्याने ती परत करण्याची तसदी आता घेऊ नये.

३. बेसमेंटमधली चारशे बारा तांब्याची नाणी बहुतेक बहमनी सुलतानांची आहेत. बिदर-गुलबर्ग्याच्या तांबटांच्या मोडीतून, दर भारतभेटीत थोडी थोडी आणलेली. इतकी झिजलेली, की कुठे अर्धे नाव, कुठे नुसती एक रेघ. वजन, जाडी आणि अक्षराचे वळण पाहून सुलतान ठरवायचा. ऋचा म्हणते, “बाबा, इट्स जस्ट ओल्ड कॉपर.” तिचेही चूक नाही. ही सर्व नाणी माझे जुने मित्र बाळ हर्डीकर, राहणार मिसिसागा, यांना द्यावीत.

४. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी ते मृत्युपत्राचा भाग समजावा.

सन २००० मध्ये एका नाण्यावर मी ‘हुमायून शहा’ वाचले. हुमायूनची कारकीर्द जेमतेम तीन वर्षांची, म्हणून नाणे दुर्मिळ. मंडळाच्या पत्रिकेत मी लेख लिहिला, टाळ्या घेतल्या. बाळ भर सभेत म्हणाला, “रवी, नावाच्या जागी नुसता मळ आहे. तू वाचत नाहीयेस, गेस करतोयस.” मी त्याच्याशी बोलणे टाकले.

पुढच्या दिवाळीला माझी पत्नी प्रमोदिनी देवाची तांब्याची भांडी चिंच-मिठाने घासत होती. माझ्या टेबलावरची अकरा नाणी तिला काळवंडलेली दिसली. मला बरे वाटेल म्हणून तिने तीही घासली आणि टॉवेलवर ओळीने मांडून मला हाक मारली. शतकांचा थर गेला होता. मी तिला नाही नाही ते बोललो. मग त्यांतले ते ‘हुमायून’चे नाणे भिंगाखाली धरले. मळ निघाला होता आणि खालून नाव आले होते: महमूद शहा. छत्तीस वर्षे राज्य केलेला, ज्याची नाणी पैशाला पासरी.

बाळ बरोबर होता. मी नाणे पाकिटात घालून पाकीट चिकटवून टाकले आणि सगळ्यांना सांगितले की हिने हुमायून घासून पुसून टाकला. लोकांना ते फार आवडले. सहा वर्षे मंडळींच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला कोणीतरी म्हणायचे, “वहिनी आल्या, कॉइन्स लपवा!” ती हसायची. बेसमेंटमध्ये यायचे मात्र तिने सोडले.

२००७ च्या मार्चमध्ये हॉस्पिटलात ती म्हणाली, “अहो, तुमचं ते नाणं माझ्यामुळे गेलं.” मी म्हणालो, “जाऊ दे आता.”

खरे सांगायला, ती जाईपर्यंत, दोन दिवस होते. मी सांगितले नाही. मला त्याची लाज वाटते, रोज वाटते.

म्हणून लिहून देतो: प्रमोदिनीने कोणतेही दुर्मिळ नाणे खराब केले नाही. चूक माझ्या वाचनाची, आणि खोटेपणाही माझाच. हे कलम मंडळात मोठ्याने वाचून दाखवावे व पत्रिकेत छापावे.

५. आज नाण्यांची माहिती देण्यासाठी बाळला नऊ वर्षांनी फोन करून बोलावले. साक्षीसाठी शेजारचे प्रताप आणि त्यांची पत्नी बसली होती. बाळने चौथे कलम दोनदा वाचले.

“वहिनींना सांगितलं होतंस?”

“नाही.”

त्याने कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाला, “विटनेस म्हणून मी साइन करतो.”

मी त्याला सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीस तर नाण्यांवर पाणी सोडावे लागेल.

“मग सोडतो. पेन दे.”

सबब कलम ३ मधील देणगी रद्द. नाणी ऋचाकडे जावीत. बाळने ती पुन्हा तपासावीत. पाकिटांवर मी लिहिलेल्या नावांत हवी तितकी खाडाखोड करण्याची त्याला मुभा आहे.

स्थळ: व्हिटबी. दिनांक: १४ नोव्हेंबर २००९.

सही: रवींद्र गणेश मोडक

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:

१. प्रताप जाधव, शेजारी

२. बाळकृष्ण हर्डीकर, प्रमोदिनीवहिनींच्या बाजूने