मागं राहिलेलं पाणी

गुरुजी, परवा कोकणात माझा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, बोलायला कोणी मिळालं नाही. म्हणून दुसरा अख्खा दिवस एकटाच किनाऱ्यावर बसलो. सकाळी पाणी घाटाच्या पायरीला लागलेलं, दुपारी पार लांब, संध्याकाळी पुन्हा पायरीला. पन्नाशीत पहिल्यांदा समुद्र पाहिला. फोनमधली नावं खालीवर केली. ज्याला सांगावं असं एकही सापडलं नाही. जन्मभर सगळ्यांची टिंगल केली की एवढी शांतता मिळतेच.

मग आठवलं आपल्या हट्टा गावच्या शाळेचं पटांगण. तुम्ही एका पोराला पृथ्वी करून उभं केलंय, त्याच्याभोवती तुमच्या जुन्या धोतराचं कडं, ते पाणी. चंद्र मी. "वढ!" तुम्ही म्हणता. मी ओढतो. माझ्याकडं फुगवटा येतो, पलीकडचं धोतर पृथ्वीच्या पाठीला चिकटतं. "गुरुजी, भरती दिवसातून दोनदा म्हणलात. दुसरी काहून न्हाई आली?" तुम्ही धोतराकडं बघत राहता. "उद्या सांगतो." वर्ग हसतो.

पुढं वसमतच्या एका साप्ताहिकात माझा पहिला विनोदी लेख आला तो यावरच: समुद्र न पाहिलेले मास्तर आणि त्यांचं एका भरतीचं धोतर. हळदीच्या आडतीवर लोकांनी मोठ्यानं वाचला. मी लेखक झालो.

दुसरा दिवस त्यात नव्हता. त्या दिवशी तुम्ही वसमतला जाऊन पुस्तक बघून आलात आणि तीन पोरं एकामागं एक पळवलीत, पुढचं जोरात, मागचं सगळ्यात हळू. "पुढचं पाणी चंद्राच्या जवळ, त्याला वढ जास्त. मधी पृथ्वी, तिला जरा कमी. मागच्या पाण्याला सगळ्यात कमी, ते मागं राहतं. म्हणून दोन्हीकडं फुगवटा. पृथ्वी फिरते तसा आपला किनारा दोन्हींतून जातो. चंद्रा, समजलं का आता?" समजलं होतं. पण परवा संध्याकाळी पायरीशी आलेलं पाणी ओढलेलं की मागं राहिलेलं, ते कळेना. तेवढं विचारायला तुम्ही हवे होतात.

लेख आल्यावर तुम्ही बसस्टँडवर भेटलात. "चांगलं लिवलं रे. दुसरा दिवस तेवढा राहिला."

"जागा नव्हती, गुरुजी."

"व्हय, पेपरात जागेची तकलीफ असतीच." उलट तुम्हीच मला अडचणीतून सोडवलंत आणि हट्ट्याच्या गाडीत चढलात.

तुम्ही जाऊनही आता किती वर्षं झाली. हे पत्र वहीतच राहणार, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. जागा होती, गुरुजी. लेखाखाली चार बोटं जागा उरली होती. संपादकांनी तिथं गुलाबाचं फूल छापलं.